रोलंडच्या गुडघ्यांमधलं अंतर

३० एप्रिल, रविवार

आजपासून पुन्हा दर रविवारी अकरा वाजता चौकातल्या रोलंडच्या, म्हणजे चिलखत घातलेल्या दगडी सरदाराच्या पुतळ्यापाशी उभं राहायचं. हे माझं तिसरं वर्ष. ब्रेमेनच्या जुन्या गावातून माणसांना दीड तास फिरवायचं, पायऱ्या दाखवायच्या, गल्ल्या दाखवायच्या आणि शेवटी गाढवाच्या पुतळ्यापाशी सोडून द्यायचं. आज वारा फार होता. मागच्या लोकांना काही ऐकू गेलं नसणार. पण तक्रार कोणी केली नाही, त्यामुळे त्यांना ऐकायचं होतं की नव्हतं हेही कळलं नाही.

शुक्रवारी कॉर्डेसबाईंनी आम्हा सगळ्या गाईडांना ऑफिसात बोलावलं होतं. ऑफिस त्याच सांभाळतात, खिडकीवर तिकिटंही त्याच देतात. त्या म्हणाल्या, गट कमी झालेत, लोक कानात फोनचे इअरफोन घालून एकटेच फिरतात, तेव्हा पुढच्या वर्षी आपल्यातल्या दोघांना थांबावं लागेल. कोण ते या उन्हाळ्यात ठरेल. एक परीक्षक साध्या पाहुण्यासारखा तिकीट काढून प्रत्येकाच्या फेरीत येईल. कोण आणि कधी, हे विचारायचं नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेर वार्नकेन, आयुष्यभर पाण्यावर काम करून तुम्ही इतके कोरडे कसे राहिलात?" सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा. निवृत्त होईपर्यंत मी वेझर नदीची खोली मोजत होतो. तिथे कोरडेपणाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

घरी आल्यावर विचार केला, हे काम गेलं तर रविवारी काय करायचं. मग सोमवारचाही विचार केला. त्यापुढे गेलो नाही. मला हे काम आवडतं. हे कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायला घरात कोणी नाही.

७ मे

मला वाटतं, परीक्षक आली. बाई आहेत. साठी ओलांडलेली, राखाडी रेनकोट, आखूड कापलेले पांढरे केस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कॅमेरा नाही, फोनही बाहेर काढला नाही. अगदी पुढे येऊन उभ्या राहिल्या. नाव आल्मुट ग्रोटे. बोलण्यावरून इथल्याच वाटल्या म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, स्टेशनच्या मागे फिनडॉर्फला राहते. आपल्याच गावाची फेरी तिकीट काढून कोण करतं?

पण माझी खात्री पटली ती रोलंडपाशी. रोलंडच्या दोन्ही गुडघ्यांवर चिलखताची टोकं आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर म्हणजे ब्रेमेनचा जुना हात, कापड मोजायचं माप, असं इथे पूर्वापार मानतात. हे मी सविस्तर सांगतो. एव्हाना लोक आईस्क्रीमच्या गाडीकडे बघायला लागलेले असतात. ग्रोटेबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि वर विचारलं, "तुम्ही स्वतः मोजलंय?"

मी हो म्हणालो. गेल्या वर्षी काठीला फीत बांधून मोजायला गेलो होतो. पोलीस येऊन उभा राहिला, काठी हलत होती, त्यामुळे ते माप धरता येणार नाही. हेही मी सांगून टाकलं. ग्रोटेबाई हसल्या, पण आवाज न करता. बाकीचे आईस्क्रीमकडे बघत होते.

गुडघ्यांची माहिती पुरी ऐकून घेऊन वर शंका विचारणारा माणूस परीक्षकच असला पाहिजे.

१४ मे

ग्रोटेबाई पुन्हा आल्या. आधी घाबरलो. मग वाटलं, हे काम नीट करणारं माणूस आहे. नदीतसुद्धा एका मापावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच जागी दोरीला बांधलेलं वजन पुन्हा सोडून बघावं लागतं.

आवाज त्यांच्यापर्यंत पोचावा म्हणून मी त्यांच्याकडे बघूनच बोलत होतो. नगरपालिकेच्या तळघरात एक दुसरा रोलंड लपवून ठेवलाय अशी वदंता आहे, कारण रोलंड उभा आहे तोवर गाव स्वतंत्र, तो पडला तर लगेच दुसरा उभा करायला हवा. मी एरवी हे सांगत नाही, कारण त्याला पुरावा नाही. आज सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तो बिचारा नुसता वाट बघत बसलाय?" मी म्हणालो, असला तर बसलाय.

शेवटी गाढव, म्हणजे ब्रेमेनच्या गोष्टीतल्या चार वाजंत्री जनावरांचा पुतळा. गाढवाच्या पाठीवर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा, सगळं ब्राँझचं, काळपट, फक्त गाढवाचे पुढचे पाय लोकांनी धरधरून पिवळेधमक झालेत. मी नेहमीचं सांगितलं. पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची. एकाच हाताने धरला तर गावातले लोक म्हणतात, बघा, एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हात मिळवतंय. सगळ्यांनी रांगेने फोटो काढले. ग्रोटेबाई बाजूला उभ्या होत्या. विचारलं, "तुम्ही कधी धरलेत?"

"गावातली माणसं धरत नाहीत," मी म्हणालो.

"का?"

घरी येऊन दोन पुस्तकं चाळली, तरी याचं उत्तर मिळालं नाही. तयारी कमी पडली.

४ जून

निळा शर्ट घेतला. जुन्या शर्टांची कॉलर झिजली आहे आणि पोशाखालाही गुण असतील. ग्रोटेबाई आल्या आल्या म्हणाल्या, निळा रंग तुम्हाला शोभतो. म्हणजे पोशाख: समाधानकारक.

आजच्या गटात एक तरुण होता. दीड तास माशाचा पाव खात होता आणि फोनवर बोट फिरवत होता. कांद्याचा वास सगळ्या श्नूअर गल्लीत आमच्याबरोबर फिरला. मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. अशा लोकांसाठी मी बोलत नाही.

श्नूअरमध्ये घरं इतकी लागून आहेत की गट एका रांगेत चालवावा लागतो. पुढे मी, माझ्यामागे ग्रोटेबाई. त्या म्हणाल्या, लहानपणी इथे त्यांची मावशी राहायची आणि एका घरातून दुसऱ्या घरात खिडकीतूनच मीठ द्यायची. मी हे कुठे वाचलेलं नव्हतं. पुढच्या फेरीत सांगू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, सांगा की, मावशी काही रागावणार नाही.

परीक्षकाने उत्तरं पुरवावीत हे नियमात बसतं का, माहीत नाही.

१८ जून

रविवारी सहसा कोणी डोमच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या पायऱ्या झाडत नाही, पण आज एक जण होता. प्रार्थना नुकतीच सुटली होती. तिशी पुरी झाली आणि लग्न झालेलं नाही, म्हणून इथल्या प्रथेप्रमाणे मित्रांनी त्याला बायकी झगा घालून हातात केस गळलेला ब्रश दिला होता. तो बिअरच्या बाटल्यांची बुचं झाडून खाली आणायचा, मित्र घमेलं भरून पुन्हा वर ओतायचे. एखाद्या मुलीने येऊन मुका घेतला की सुटका. माझा गट इतका खूश झाला की मला काही सांगायचीच गरज उरली नाही. शेवटी एक उंच मुलगी सायकल लावून आली, त्याच्या गालावर ओठ टेकवले आणि सायकल घेऊन गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांच्या आवाजात ग्रोटेबाईंनी मला विचारलं, "तुम्ही झाडल्या होत्या का?"

मी म्हणालो, "हे फेरीच्या विषयात येत नाही."

त्या "बरं" म्हणाल्या. हा प्रश्न मला विषयापासून ढळवायला टाकलेला होता हे उघड आहे, आणि मी ढळलो नाही. तरी संध्याकाळभर तोच डोक्यात होता. मला झाडाव्या लागल्या नव्हत्या. माझी तिशी पुरी झाली त्या दिवशी मी नदीत बोटीवर होतो. कोणी बोलावलं नाही, आणि मीही कोणाला आठवण दिली नाही. परत आलो तेव्हा अंधार पडला होता आणि पायऱ्या स्वच्छ होत्या.

२ जुलै

घसा बसला. ग्रोटेबाईंनी पिशवीतून बाबेलरची कांडी काढली, पुदिन्याच्या साखरेची, घशाला बरी, कागदात गुंडाळलेली, आणि माझ्यापुढे धरली. आईनंतर कधी कोणी मला बाबेलर दिल्याचं आठवत नाही. पण परीक्षकाकडून काही घेणं योग्य नाही. उद्या कोणी म्हणालं, यांचं संगनमत होतं, तर त्यांचीही अडचण होईल. मी नको म्हणालो आणि दीड तास खोकत राहिलो. त्यांनी कांडी परत पिशवीत टाकली. चेहरा जरा उतरला होता. मी मोहात पडतो का ते बघत होत्या, आणि पडलो नाही म्हणून उतरला असेल.

१६ जुलै

ग्रोटेबाई नव्हत्या. गेल्या रविवारीही नव्हत्या. फेऱ्या नीट झाल्या. कोणी काही विचारलं नाही. आज सगळं इतकं लवकर उरकलं की ब्योटशर गल्लीत चिनी मातीच्या घंटा वाजायची वाट बघत नुसतं उभं राहावं लागलं. परीक्षक नसली की माणूस सैलावतो, तसा मीही सैलावलो असणार. दुसऱ्या रोलंडची गोष्ट सांगितली, कोणी हसलं नाही. घरी बटाटे उकडले, मीठ घालायला विसरलो, तसेच खाल्ले.

३० जुलै

आल्या. म्हणाल्या, कुक्सहाफेनला बहिणीकडे गेले होते, तिथे नुसता समुद्र आणि बहिणीच्या तक्रारी. परीक्षकाने आपल्या रजेचा हिशेब मला का द्यावा ते कळलं नाही. पण मी ऐकून घेतला. बहिणीचं मांजरही आजारी होतं. आज फेरी वीस मिनिटं जास्त चालली आणि एका जोडप्याची ट्रेन चुकली. त्यांची माफी मागितली.

२० ऑगस्ट

ब्योटशर गल्लीत बाराच्या घंटांची वाट बघत होतो. बाकीचे लोक दुकानांच्या काचांना नाक लावून उभे होते. ग्रोटेबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माझा नवरा नेहमी म्हणायचा, एकदा पाहुण्यांसारखं आपलंच गाव बघू या. लग्न झालं तेव्हापासून म्हणायचा."

"मग बघितलंत?"

"तो गेला त्याला चार वर्षं झाली. मे महिन्यात मी एकटीच आले."

मला वाईट वाटलं, आणि तसं मी म्हणालो. परीक्षकांनाही नवरे असतात आणि ते जातातही, हे मी कधी धरलंच नव्हतं. घंटा वाजायला लागल्या. दोघंही वर बघत उभे राहिलो. वाजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फेरीनंतर कॉफी घ्यायची का? इथेच कोपऱ्यावर. तुमचं बोलणं मला दीड तासात पुरत नाही."

मला हो म्हणायचं होतं. हे इथे लिहून ठेवतो. पण एवढे महिने दोघांनीही सचोटीने काढले आणि आता शेवटी पाय घसरायचा, हे बरं नाही. मी म्हणालो, "निकाल लागेपर्यंत आपण बाहेर भेटणं बरं दिसणार नाही."

"कसला निकाल?"

"ते तुम्हालाच ठाऊक," मी म्हणालो, आणि डोळ्यांनीच सांगितलं की मला सगळं समजलेलं आहे.

गाढवापाशी लोक फोटो काढत असताना त्या आल्या आणि माझ्याशी हात मिळवला. आजवर कधी मिळवला नव्हता. "तुम्ही फार छान गाव दाखवलंत," म्हणाल्या. मग ट्रामच्या थांब्याकडे गेल्या. मागे वळून बघितलं नाही. त्यांचं काम संपलं असावं. मी पास झालो असेन असं वाटतं.

१० सप्टेंबर

पास झालेल्या माणसाला असं वाटतं का, ठाऊक नाही. तीन रविवार त्या नाहीत. अपेक्षित आहे. आज मावशीच्या मिठाची गोष्ट सांगताना मध्येच थांबलो, कारण मागे वळून परवानगी घ्यायची सवय झालेली होती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

कॉर्डेसबाईंनी एकेकाला आत बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. मला ते चांगलं लक्षण वाटलं नाही.

म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्ही आहात. परीक्षक म्हणतो, माहिती चोख, विनोद नावालाही नाही, आणि एक गोष्ट सुधारायला हवी: हा माणूस सगळी फेरी एकाच बाईंना दाखवतो, बाकीचे नुसते मागून ऐकत जातात. पण मागून ऐकतानासुद्धा इतकं छान वाटलं, की तसंच सगळ्यांना दाखवलं तर याच्यासारखा गाईड नाही.

मी विचारलं, "ग्रोटेबाईंनी स्वतःबद्दल असं का सांगावं?"

"कोण ग्रोटेबाई?"

मी सांगितलं. राखाडी रेनकोट, चष्म्याला दोरी, मे महिन्यापासून दर रविवारी.

"परीक्षक एक मुलगा होता," कॉर्डेसबाई म्हणाल्या. "जूनमध्ये एकदा येऊन गेला. मीच त्याला सांगितलं होतं, काहीतरी खात राहा, म्हणजे कोणाला संशय येणार नाही."

माशाचा पाव. मी खाली बसलो. बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे दर रविवारी माझ्याकडून तिकीट नेणाऱ्या त्या बाई," कॉर्डेसबाई सावकाश म्हणाल्या, "त्यांना तुम्ही परीक्षक समजलात? चार महिने?"

मी बाबेलरची गोष्ट सांगितली. कॉफीचीही सांगितली, आणि निकालाची. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. म्हणाल्या, "हेर वार्नकेन, अहो, हजार गाढवं मेली तेव्हा तुमच्यासारखा एक माणूस जन्माला आला असेल." आणि मला कॉफी दिली.

आनंद व्हायला हवा होता. रविवार राहिला, सोमवारचाही विचार करायला नको. आनंद झाला नाही.

२३ सप्टेंबर

मग त्या कशाला येत होत्या?

तेच गाव, तोच रस्ता, त्याच त्या गोष्टी. रोलंडचे गुडघे त्यांना पाठ झाले असतील. एवढं ऐकण्यासारखं माझ्याकडे काय आहे, याचा दिवसभर विचार केला. काही हाती लागत नाही. एक शक्यता आहे, पण ती लिहायला हात धजत नाही. माप एकदाच घेतलेलं आहे, आणि एका मापावर विश्वास ठेवायचा नसतो.

एवढं मात्र कळतं, की मी त्यांना ताटकळत ठेवलं, बाबेलर नाकारला, आणि नवऱ्याबद्दल सांगून कॉफी विचारणाऱ्या बाईला निकालाचं ऐकवलं. मला त्यांची आठवण येते. फेरीत येते आणि घरीही येते.

१ ऑक्टोबर

ग्रोटेबाईंचा पत्ता मला माहीत नाही. फिनडॉर्फ एवढंच ठाऊक आहे आणि फिनडॉर्फ काही लहान नाही. कॉर्डेसबाईंकडे विचारलं, तर म्हणाल्या, तिकीट घेणाऱ्यांचे पत्ते आम्ही देत नाही. बरोबर आहे. मीही दिले नसते. मग म्हणाल्या, पण त्या मंगळवारी समोरच्या बाजारात फुलं घ्यायला येतात आणि खिडकीशी थांबून बोलतात. निरोप असेल तर सांगा.

"सांगा, निकाल लागला."

"बस, एवढंच?"

"आणि मी कॉफी पितो."

कॉर्डेसबाईंनी कपाळाला हात लावला. "निदान चुकलो तरी म्हणा."

"ते मला स्वतः म्हणायचंय," मी म्हणालो.

१५ ऑक्टोबर

फ्रायमार्क्टची जत्रा सुरू झाली. रोलंडच्या गळ्यात नेहमीप्रमाणे मसालेदार केकचा, पत्त्यातल्यासारखा भलामोठा बदाम लटकवलाय. त्याच्या पायाशी उभं राहून स्वातंत्र्याबद्दल बोलणं जड जातं.

आज कॉर्डेसबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यांना दाखवायचा प्रयत्न केला. समोर ग्रोटेबाई उभ्या आहेत असं धरून बोललो, नजर मात्र सगळीकडे फिरवली. तळघरातल्या रोलंडला लोक हसले. मिठाच्या गोष्टीलाही हसले. एका म्हाताऱ्याने पाठ थोपटली. फेरी चांगली झाली, असं पहिल्यांदाच वाटलं. पुढची रांग दोनदा नीट बघितली.

निरोप पोचला का, असं विचारलं. कॉर्डेसबाई म्हणाल्या, पोचवला. मग काय म्हणाल्या? काही नाही, शेवंतीची जुडी घेतली आणि गेल्या.

२८ ऑक्टोबर, शनिवार

उद्या हंगामाची शेवटची फेरी. पावसाचा अंदाज आहे आणि सगळं गाव जत्रेत, त्यामुळे रद्दच होईल असं धरून चाललो होतो. पाचाच्या खाली माणसं असली तर फेरी निघत नाही, हा नियम आहे. संध्याकाळी कॉर्डेसबाईंचा फोन आला. पाच तिकिटं गेलीत, जेमतेम पाच, तेव्हा या. कोण आहेत, असं विचारलं. म्हणाल्या, पाहुणे. आणि घाईने फोन ठेवला.

तीन रविवार गेले. निरोप पोचूनही कोणी येत नसेल तर तेही एक उत्तर आहे. ते मी स्वीकारलं आहे. निळा शर्ट इस्त्री केला, कारण दुसरे दोन्ही धुवायला टाकलेत.

२९ ऑक्टोबर, रविवार

हिवाळ्यासाठी रात्रीच सगळीकडे घड्याळं एक तास मागे केली. या दिवशी विसरभोळे लोक तासभर आधी येऊन उभे राहतात, उशिरा कोणी येत नाही. हे नीट लिहून ठेवतो, कारण अकरा वाजता रोलंडपाशी एकच माणूस होतं.

ग्रोटेबाई छत्री धरून उभ्या होत्या. तोच राखाडी रेनकोट. मी नमस्कार केला, त्यांनी केला. पुढे काय बोलायचं ते महिनाभर ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणालो, बाकीचे चौघं येईपर्यंत थांबू. नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबावं लागतं. त्या बरं म्हणाल्या. आम्ही थांबलो. पाऊस बदामावरून रोलंडच्या गुडघ्यांवर गळत होता.

दहा मिनिटं झाली तेव्हा मी म्हणालो, "चौघं आले नाहीत तर मला फेरी रद्द करावी लागेल."

"चौघं नाहीतच," ग्रोटेबाई म्हणाल्या आणि खिशातून तिकिटं काढली. "पाचही माझीच आहेत. पाचाच्या खाली तुम्ही निघत नाही, असं कॉर्डेसबाई म्हणाल्या."

मी तिकिटं हातात घेतली. मोजली, पाच होती. मग एकदम सगळं बोललो. चुकलो, फार चुकलो, तुम्हाला परीक्षक समजलो, पावाचा वास येणारा परीक्षक होता आणि तुम्ही नव्हतात, आणि कॉफीला मला त्या दिवशीही यायचं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. "मी फार चिडले होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हा माणूस चार महिने माझ्याकडे बघून बोलतो आणि कॉफी म्हटलं की हात झटकतो. कॉर्डेसबाईंनी सगळं सांगितलं तेव्हा तर जास्तच चिडले. मग बहिणीला फोन केला. ती हसून हसून थांबेना, आणि मलाही हसू आलं. तरी तीन रविवार तुम्हाला तसंच ठेवलं. तुम्ही मला ठेवलं होतंत."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"चला आता. पाच जणांचे पैसे भरलेत, पुरी फेरी हवी."

पुरी फेरी केली. गुडघ्यांबद्दल बोललो नाही, त्यांना ठाऊक आहे. डोमच्या पायऱ्यांवर आज कोणी नव्हतं, दगड ओले होते, एक बूच कोपऱ्यात अडकलं होतं. ग्रोटेबाई थांबल्या आणि विचारलं नाही, नुसत्या थांबल्या. मी सांगितलं, "नाही झाडल्या. त्या दिवशी मी बोटीवर होतो. कोणी बोलावलं नाही."

"म्हणजे तुमच्याकडे अजून बाकी आहे," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. श्नूअरमध्ये छत्री एकच उघडता येते, एवढी जागा आहे. ती त्यांची उघडली. मावशीची खिडकी त्यांनी दाखवली, आजवर ती मी चुकीची दाखवत होतो. बाराच्या घंटा ऐकल्या. त्यांनी बाबेलर काढला, मी घेतला. तोंडात बाबेलर असताना बोलता येत नाही, म्हणून गाढवापर्यंत दोघंही गप्प चाललो.

गाढवापाशी कोणी नव्हतं. पाय पावसाने आणखीच चमकत होते. ग्रोटेबाई म्हणाल्या, "गावातली माणसं का धरत नाहीत, ते सापडलं का?"

मी म्हणालो, शोधलं, पण सापडलं नाही. बहुतेक आपल्याला काही हवंय हे चारचौघांत दिसू नये म्हणून.

"इथे चारचौघं नाहीत. चार तिकिटं फुकट गेलीत."

मी पुढे झालो. जन्मापासून या गावात आहे, पण तो पाय पहिल्यांदा धरला. गार होता. लोकांना नेहमी दोन्ही हातांनी धरायला सांगतो, पण मी एकाच हाताने धरला. शेजारचा पाय ग्रोटेबाईंनी धरला, त्याही एकाच हाताने. छत्री मिटून बाजूला ठेवली होती, तरी आमचे दुसरे हात मोकळे नव्हते.